महल्लकांची बंधमुक्ती : अशोकाच्या पाचव्या शिलालेखातील एका तरतुदीचा विचार

देवानंपिय पियदसी अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी पाचव्या लेखाचा उल्लेख आपल्याकडे बहुधा एकाच कारणासाठी केला जातो. राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर अशोकाने 'धम्ममहामात्र' नावाचे नवे अधिकारी नेमले, ही माहिती या लेखात येते आणि पाठ्यपुस्तकांतून तेवढीच उद्धृत होते. धम्ममहामात्रांनी नेमके काय करावयाचे होते, याची जी यादी त्याच लेखात पुढे दिलेली आहे, तिच्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. या यादीत यवन, कंबोज, गंधार इत्यादी सीमेवरील लोकांचे हित आहे, ब्राह्मण व गृहपती आहेत, अनाथ आणि वृद्ध आहेत. आणि त्यांच्या जोडीला बंदिशाळेत पडलेला मनुष्यही आहे. बंदिवासातील माणसांपैकी ज्यांच्या मागे लेकरे आहेत, जे कोणत्यातरी आपत्तीने वा दुसऱ्याच्या प्रभावाने ग्रासलेले आहेत, आणि जे वृद्ध झालेले आहेत, त्यांच्या मुक्ततेसाठी हे अधिकारी झटतात, असे सम्राट सांगतो.

दीर्घ मुदतीची शिक्षा भोगणाऱ्या वृद्ध बंद्यांना मुदतीपूर्वी सोडावे किंवा कसे, हा प्रश्न आज न्यायालयांपुढे, शासनापुढे आणि समाजापुढे आहे. या प्रश्नाला भारतात सुमारे बावीसशे सत्तर वर्षांचा लेखी इतिहास आहे, ही गोष्ट पालीच्या आणि शिलालेखांच्या अभ्यासकाने वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते. प्रस्तुत लेखात प्रथम त्या तरतुदीतील शब्दांचा, नंतर तिच्या पार्श्वभूमीचा आणि शेवटी आजच्या कायद्याशी असलेल्या तिच्या संबंधाचा विचार करावयाचा आहे.

शब्दांचा विचार

पाचवा लेख गिरनार, कालसी, शाहबाजगढी, मानसेहरा, धौली, जौगड आणि येर्रगुडी येथे मिळाला आहे. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या लेखाचा आणि १९५६ साली त्याच परिसरात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. हे लेख मालिकेने कोरले जात. त्यामुळे पाचवा लेखही कधीकाळी सोपाऱ्याच्या बंदरात लोकांना वाचून दाखविला जात असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

वृद्ध बंद्यासाठी या लेखाच्या निरनिराळ्या पाठांत दोन शब्द आले आहेत. कालसी, धौली आणि वायव्येकडील पाठांत 'महालक' हा शब्द आहे. गिरनारच्या पाठात त्याच जागी 'थैर' आहे. पहिला म्हणजे पालीतील 'महल्लक' आणि दुसरा म्हणजे संस्कृत 'स्थविर', पाली 'थेर'. सुत्तपिटकात म्हाताऱ्या माणसाचे वर्णन करताना 'जिण्ण', 'वुद्ध' आणि 'महल्लक' हे शब्द वारंवार एकत्र येतात. 'महल्लक' या शब्दात केवळ वर्षांची गणती नाही. वयाने थकलेला, आयुष्याचा मोठा रस्ता चालून आलेला, असा भाव त्यात आहे. 'थेर' हा तर आदराचा शब्द. भिक्षुसंघात ज्येष्ठांना जो शब्द लावला जातो, तोच गिरनारच्या लेखकाने बंदिशाळेतील म्हाताऱ्याला लावला. पश्चिमेकडील बोलीत वृद्धासाठी तो शब्द रूढ असेल, एवढेच त्याचे कारण असू शकेल. परंतु राजाज्ञेच्या भाषेत अपराध्याविषयी तुच्छतेचा शब्द नाही, हे खरेच.

अधिकाऱ्यांच्या कामासाठी तीन शब्द योजिले आहेत. पहिला 'पटिविधान', म्हणजे आवश्यक ती व्यवस्था किंवा उपाययोजना. हुल्श यांच्यासारख्या विद्वानांनी त्याचा अर्थ द्रव्यसाहाय्य असा केला आहे. दुसरा 'अपलिबोध'. पालीत 'पलिबोध' म्हणजे अडथळा, अडकवून ठेवणारी गोष्ट. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात ध्यानाभ्यासाच्या मार्गातील असे दहा पलिबोध सांगितले आहेत. बंद्याच्या संदर्भात 'अपलिबोध' म्हणजे त्याला विनाकारण जखडून न ठेवणे, त्याचा जाच दूर करणे. तिसरा शब्द 'मोक्ख', म्हणजे प्रत्यक्ष सुटका. या तीन शब्दांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी बंद्याची सोय, मग त्याच्या जाचाचे निवारण आणि शेवटी मुक्ती. सुटका हा या कामाचा शेवटचा टप्पा आहे, एकमेव टप्पा नव्हे. ज्याला सोडता येत नाही त्याच्याविषयीही अधिकाऱ्याचे कर्तव्य संपत नाही.

मधल्या गटासाठी आलेल्या 'कटाभिकार' या शब्दावर विद्वानांत मतभेद आहेत. कोणी त्याचा अर्थ आपद्ग्रस्त असा करतात, कोणी दुसऱ्याच्या चिथावणीने वा प्रभावाखाली वागलेला असा. वृद्धांविषयी मात्र पाठात संदिग्धता नाही. तसेच या ओळीत अपराधांची यादी दिलेली नाही. अमुक गुन्ह्याचा वृद्ध पात्र आणि तमुक गुन्ह्याचा अपात्र, अशी विभागणी तेथे आढळत नाही. प्रत्येक बंद्याची स्थिती पाहून निर्णय करावा, असाच त्या रचनेचा रोख दिसतो.

अपवाद नव्हे, व्यवस्था

ही तरतूद म्हणजे सम्राटाच्या मनात आलेली क्षणिक दया होती काय? इतर लेख पाहिले असता तसे म्हणता येत नाही. धौली आणि जौगड येथील स्वतंत्र कलिंग लेखांत तोसली व समापा येथील नगर-व्यावहारिकांना, म्हणजे न्यायदान करणाऱ्या अधिकाऱ्यांना, अशोकाने खडसावले आहे. कोणी मनुष्य विनाकारण बंधनात पडतो, कोणाला विनाकारण क्लेश होतात, आणि त्यामुळे इतर अनेकांना दुःख भोगावे लागते, ही गोष्ट तो त्यांच्या निदर्शनास आणतो. असे का घडते, याची कारणेही तो देतो : मत्सर, शीघ्रकोप, निष्ठुरता, घाई, अभ्यासाचा अभाव, आळस आणि थकवा. प्रशासनाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना या यादीतील शेवटच्या तीन कारणांचे महत्त्व सांगावयास नको. क्रूरतेने जितकी माणसे तुरुंगात खितपत पडतात, त्याहून कमी माणसे आळसाने पडत नाहीत. यावर उपाय म्हणून दर पाच वर्षांनी सौम्य वृत्तीचा महामात्र दौऱ्यावर पाठविण्याची आणि उज्जयिनी व तक्षशिला येथून तीन वर्षांच्या आत अशी तपासणी करण्याची योजना त्याने जाहीर केली.

अभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरलेल्या स्तंभलेखांत हाच धागा पुढे जातो. चौथ्या स्तंभलेखात 'वियोहाल-समता' आणि 'दंड-समता' हे दोन शब्द येतात. व्यवहारात म्हणजे न्यायप्रक्रियेत समता आणि शिक्षेत समता. त्यापाठोपाठ वधाची शिक्षा झालेल्या बंद्यांना तीन दिवसांची सवलत दिली आहे, जेणेकरून त्यांच्या नातलगांना त्यांच्यासाठी रदबदली करता यावी. काही विद्वान येथील 'वध' शब्दाचा अर्थ शारीरिक शिक्षा असा करतात. तथापि अशोकाने देहदंड रद्द केला होता, असे म्हणण्यास लेखांत आधार नाही आणि श्रद्धेपोटी तसे म्हणूही नये. पाचव्या स्तंभलेखाच्या अखेरीस, सव्वीस वर्षांच्या अवधीत आपण पंचवीस वेळा बंदिमोक्ष केल्याची नोंद तो करतो. म्हणजे जवळजवळ दरवर्षी एकदा हा बंदिमोक्ष होत असे. जी गोष्ट पंचवीस वेळा घडते तिला लहर म्हणता येत नाही.

कौटिलीय अर्थशास्त्राशी तुलना केली असता या परंपरेचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात, नागरकाच्या कर्तव्यांच्या अध्यायात, राजाच्या जन्मनक्षत्राच्या दिवशी आणि पौर्णिमेला बाल, वृद्ध, व्याधित आणि अनाथ बंद्यांना सोडावे, असे सांगितले आहे. नवा देश जिंकल्यावर, युवराजाच्या अभिषेकप्रसंगी आणि पुत्रजन्माच्या वेळीही बंदिमोक्ष विहित आहे. अर्थशास्त्राच्या काळाविषयी मतभेद आहेत. तरी वृद्ध बंद्याला सोडण्याची रीत केवळ बौद्धांची नव्हती, ती भारतीय राजनीतीत रुजलेली होती, असे मानणे प्राप्त आहे. अशोकाचे वेगळेपण अन्यत्र आहे. अर्थशास्त्रात सुटका राजाच्या आनंदाच्या प्रसंगाशी जोडलेली आहे. पाचव्या शिलालेखात ती बंद्याच्या अवस्थेशी जोडली आहे, आणि ती घडवून आणणे हे त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे रोजचे काम ठरविले आहे.

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. प्राचीन भारतात तुरुंगवास ही आजच्यासारखी प्रमुख शिक्षा नव्हती. दंड, अवयवच्छेद, वध आणि निर्वासन या मुख्य शिक्षा असत. बंदिशाळा बहुतांशी निर्णयाची वाट पाहणाऱ्यांसाठी आणि दंड भरू न शकणाऱ्यांसाठी असे. त्यामुळे अशोककालीन 'महल्लक' बंदी आणि आजचा जन्मठेपेचा वृद्ध बंदी हे सर्वार्थाने एक नव्हेत. वीस-तीस वर्षे भिंतीआड काढून तेथेच म्हातारा होणारा माणूस ही आधुनिक दंडव्यवस्थेची निर्मिती आहे. म्हणूनच अशोकाची तरतूद आज अधिक लागू पडते, असे मला वाटते. त्याच्या काळी बंदिशाळेत अपवादाने आढळणारा वृद्ध आज शिक्षेच्या लांबीमुळेच तेथे निर्माण होतो.

पाली वाङ्मयातील पार्श्वभूमी

या तरतुदीमागे केवळ राजनीती होती की धम्माचा विचारही होता? मज्झिमनिकायातील देवदूतसुत्त या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मृत्यूनंतर यमराजा मनुष्याला पाच देवदूतांविषयी विचारतो. तू त्यांना पाहिले नाहीस काय, आणि पाहून तुला काही उमगले नाही काय, असा त्याचा प्रश्न असतो. हे पाच देवदूत म्हणजे उताणे पडलेले तान्हे मूल, वाकलेला वृद्ध, रोगी, राजपुरुषांकडून शिक्षा भोगणारा अपराधी आणि प्रेत. अंगुत्तरनिकायातील याच विषयाच्या सुत्तात देवदूत तीनच आहेत. वृद्ध, रोगी आणि प्रेत. मज्झिमनिकायाच्या संग्राहकांनी त्यांत जे दोघे अधिक ठेवले त्यांपैकी एक दंडित अपराधी आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. अपराध्याकडे पाहून स्वतःच्या कर्माचा विचार करावा, हा तेथील बोध. वृद्ध बंद्याच्या ठायी या पाचांपैकी दोन देवदूत एकाच वेळी उभे असतात. बहुधा तिसरा, रोगीही, त्याच देहात असतो. त्याच्याकडे पाहूनही ज्याला काही उमगत नाही, त्याला यमाच्या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण जाईल. धम्मपदात दंडवग्गाच्या लगेच पुढे जरावग्ग आहे, हेही या निमित्ताने आठवते.

परंतु बौद्ध परंपरा बंदिमुक्तीविषयी भाबडी नाही. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. बिंबिसार राजाने, शाक्यपुत्रीय श्रमणांमध्ये जे प्रव्रजित होतात त्यांना कोणी काही करू नये, अशी आज्ञा दिली होती. तिचा लाभ घेऊन कारागृह फोडून पळालेला एक चोर भिक्षू झाला. लोकांनी त्याला ओळखले आणि ते कुरकुर करू लागले. तेव्हा कारागृह फोडून आलेल्याला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम भगवंतांनी घालून दिला. ज्या तथागतांनी अंगुलिमालाला संघात घेतले, त्यांनीच हा नियम केला. संघ हा न्यायातून पळवाट काढण्याचे ठिकाण नाही आणि मुक्ती रीतसर व्हावयास हवी, असाच याचा अर्थ आहे.

उत्तरकालीन अवदानवाङ्मयात एक कथा आहे. धम्माकडे वळण्यापूर्वी अशोकाने चंडगिरिकाच्या हाती एक भयंकर बंदिशाळा सोपविली होती आणि तेथे शिरलेला कोणीही जिवंत बाहेर पडता कामा नये, असा तिचा नियम होता. समुद्र नावाच्या भिक्षूच्या प्रभावाने राजाला जाग आली आणि त्याने ती बंदिशाळा पाडून टाकली. या कथेला इतिहास म्हणून प्रमाण मानता येणार नाही. तरीही परंपरेला अशोकाचे परिवर्तन सांगताना, ज्यातून कोणी बाहेर येत नाही असा तुरुंग पाडण्याचा प्रसंग निवडावासा वाटला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या विचाराची सर्वांत सविस्तर मांडणी आचार्य नागार्जुनांच्या 'रत्नावली'त आढळते. परंपरेनुसार हा ग्रंथ एका सातवाहन राजाला उद्देशून लिहिला गेला. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. चौथ्या परिच्छेदात नागार्जुन राजाला सांगतात, की दुर्बल बंद्यांना एका दिवसात किंवा पाच दिवसांत सोडावे, इतरांनाही यथायोग्य सोडावे. आणि जोवर कोणी बंदिवासात आहे तोवर त्याला न्हावी, स्नान, अन्न, पाणी, औषध आणि वस्त्र मिळाले पाहिजे. अपात्र पुत्राला योग्य करण्यासाठी पिता शासन करतो, तसे शासन करुणेने करावे, द्वेषाने अगर धनलोभाने नव्हे. अशोकाच्या 'पटिविधान, अपलिबोध, मोक्ख' या त्रयीचेच हे भाष्य वाटावे, इतके दोहोंत साम्य आहे.

आजचा कायदा

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील काळ्या पाण्याची शिक्षा १९५५ च्या दुरुस्तीने जन्मठेपेत बदलली. जन्मठेप म्हणजे चौदा किंवा वीस वर्षे, ही समजूत लोकांत पक्की आहे. परंतु गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, असे स्पष्ट केले. शासनाने शिक्षामाफी दिली तरच त्याआधी सुटका होते. १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम आले आणि ज्या गुन्ह्याला देहदंडही सांगितला आहे त्यातील जन्मठेपेच्या बंद्याला किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढणे बंधनकारक झाले. मारू राम खटल्यात १९८० साली ते वैध ठरले. आज तीच तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७५ व्या कलमात आहे. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालापासून तर माफीविना वीस, पंचवीस, तीस वर्षांची शिक्षा देण्याचा मार्ग न्यायालयांना मोकळा झाला. या सर्वांचा परिणाम उघड आहे. बंदिशाळेत वार्धक्य येणार, आणि अनेकांना मृत्यूही तेथेच गाठणार.

स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त २०२२ साली केंद्र शासनाने विशेष शिक्षामाफीची योजना आखली. निम्मी शिक्षा भोगलेले साठ वर्षांवरील पुरुष आणि पन्नास वर्षांवरील स्त्रिया व तृतीयपंथी यांना १५ ऑगस्ट २०२२, २६ जानेवारी २०२३ आणि १५ ऑगस्ट २०२३ या तीन दिवशी सोडावयाचे होते. ही योजना स्वागतार्हच होती. उत्सवाच्या दिवशी वृद्धांना सोडण्याची कौटिल्याने नोंदलेली रीत तिच्यात नकळत पुन्हा दिसली. पण जन्मठेपेचे बंदी तिच्यातून वगळले होते. म्हणजे ज्यांचे वार्धक्य शिक्षेतूनच घडले, तेच बाहेर राहिले.

दुसरी बाजू त्याच दिवशी दिसली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात शासनाने २००२ च्या दंगलीतील सामूहिक बलात्कार आणि खुनांबद्दल जन्मठेप भोगणाऱ्या अकरा बंद्यांना जुन्या धोरणाखाली मुदतीपूर्वी सोडले. खटला मुंबईत चालला असल्याने हा अधिकार महाराष्ट्र शासनाचा होता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती माफी रद्द केली. या प्रकरणाने अनेकांच्या मनात शिक्षामाफीच्या कल्पनेविषयीच चीड निर्माण केली आणि ती समजण्यासारखी आहे. पीडितेला न विचारता, रीत मोडून दिलेल्या माफीला करुणा म्हणता येत नाही. महावग्गातील लोकांची कुरकुर भगवंतांनी ऐकली होती, हे येथे विसरू नये. मात्र रीत मोडणाऱ्या माफीचे उत्तर रीतसर माफी हे आहे. माफीच बंद करणे हे नव्हे. तसे केले तर त्याची किंमत ज्यांची कोणी रदबदली करीत नाही, अशा वृद्ध बंद्यांनाच मोजावी लागेल.

अशोकाने 'दंड-समता' हा शब्द सवलतीच्या आधी लिहिला, तो याचसाठी असावा. समता नसेल तर दया ही बलवंतांची सोय होते. त्याच्या लेखांवरून आजच्या व्यवस्थेसाठी तीन गोष्टी घेता येतात. वृद्ध बंद्याचा विचार उत्सवावर अवलंबून न ठेवता ठराविक काळाने व्हावा. तो करणारा अधिकारी मत्सर, घाई आणि आळस यांपासून मुक्त असावा आणि त्याच्यावरही तपासणी असावी. आणि गुन्ह्याचे नाव पाहून दार कायमचे बंद न करता, समोरच्या माणसाचे वय, देह, मन आणि त्याच्यापासून समाजाला असलेला धोका पाहून, पीडितांचेही म्हणणे ऐकून निर्णय व्हावा. ज्याला सोडणे शक्य नाही त्यालाही औषध, आधाराची काठी आणि जिना चढावा न लागणारी खोली मिळावी. हे 'पटिविधान' आहे आणि त्यासाठी कोणत्याही कायद्यात दुरुस्ती करावी लागत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानात ७२ व १६१ या अनुच्छेदांनी राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना क्षमेचा अधिकार दिला आहे. २६ जानेवारी १९५० रोजी या प्रजासत्ताकाने सारनाथचा सिंहस्तंभ राजमुद्रा म्हणून स्वीकारला. ज्याची मुद्रा आपण स्वीकारली, त्याने सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा बंदिशाळेचे दार उघडले होते आणि आत कोण म्हातारा झाला आहे हे पाहण्यासाठी अधिकारी नेमले होते. त्या मुद्रेखालील राज्याने निदान नियमितपणे आत डोकावून पाहावे, एवढी अपेक्षा ठेवणे अवास्तव ठरू नये.